बारा मिनिटं

कंट्रोलचा आकडा तिसऱ्यांदाही रेषेबाहेर गेला, तेव्हा ताईनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. आठ वाजायला सात मिनिटं होती. खिडकीबाहेर उपाशीपोटी आलेली माणसं एकमेकांना नंबर विचारत होती. तिनं तीच बाटली पुन्हा हलवली, चौथ्यांदा मशीनला लावली आणि मागच्या सामानाच्या खोलीत जाऊन फोन उघडला.

बारा मिनिटांनी ती बाहेर आली. या वेळी आकडा बसला होता, कडेकडेनं का होईना, पण आत. तिनं वहीत तेवढाच एक लिहिला, शेजारी सही केली आणि खिडकी उघडली.

कंट्रोल म्हणजे बाटलीतलं असं द्रव, ज्यात काय किती आहे ते आधीच माहीत असतं. रोज सकाळी रुग्णांच्या रक्ताआधी ते मशीनला द्यायचं आणि मशीन खरं बोलतंय की नाही ते बघायचं. बावीस वर्षं ताई रुग्णालयाच्या या लॅबमध्ये होती आणि शिकायला आलेल्या प्रत्येक तुकडीला तिनं एकच गोष्ट घोकायला लावली होती: आकडा चुकला तर आकडा बदलायचा नाही, कारण शोधायचं. बरोबर येईपर्यंत लावत बसणं ही तपासणी नव्हे, मशीनची मनधरणी आहे.

साडेनऊला फोन वाजला. दुसऱ्या मजल्यावरच्या वॉर्डाची सिस्टर. उंचीमुळे तिला सगळे मोठी सिस्टर म्हणत. ती आणि ताई एकाच वर्षी नोकरीला लागलेल्या.

"पाच नंबरच्या आजोबांचं पोटॅशियम सहा पॉइंट आठ पाठवलंयस तू."

"हं."

"हं काय? एवढ्यानं हृदय बंद पडतं, आणि हा माणूस गेला अर्धा तास माझ्याशी उशीवरून भांडतोय. ईसीजी काढला, तोही नॉर्मल. छोटे डॉक्टर इंजेक्शन भरायला निघालेत. मी म्हटलं, एक मिनिट थांबा, ताईला विचारते. ती म्हणाली बरोबर, तर बरोबर."

ती म्हणाली बरोबर, तर बरोबर. एवढंच तर तिनं आयुष्यभर कमावलं होतं.

"देऊ नका काही," ती म्हणाली. "थांबव त्यांना. मी पुन्हा करते."

मशीनचं झाकण उघडल्यावर दोन मिनिटांत कारण सापडलं. आदल्या संध्याकाळी पोटॅशियम मोजणारा इलेक्ट्रोड धुवायचा राहिला होता. तिनं तो धुतला, कंट्रोल लावलं, पहिल्या फटक्यात मधल्या रेषेवर आलं. आजोबांचं पोटॅशियम निघालं चार पॉइंट तीन. सकाळपासून गेलेले तेवीस रिपोर्ट तिनं एकेका वॉर्डला फोन करून परत मागवले, सगळे नव्यानं केले. त्यातले तीन ठार चुकीचे होते. त्या तिघांनाही अजून कुणी औषध दिलेलं नव्हतं. शेवटचा रिपोर्ट गेल्यावर ती स्टुलावर बसली.

लॅबच्या प्रमुख डॉक्टरबाई ताईपेक्षा दहा वर्षांनी लहान होत्या. त्यांनी मशीनमधून छापून निघालेली कागदाची पट्टी टेबलावर उलगडली. वहीत एकच आकडा असला तरी मशीनच्या पोटात चारही होते.

"ताई, हे मशीन नऊ वर्षांचं झालंय," त्या म्हणाल्या. "मी वर तसंच कळवते. नाहीतरी नवीन मागायचंच आहे आपल्याला."

पळवाट आयती समोर आली होती, धुऊन इस्त्री करून. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. ताई त्या पट्टीकडे बघत राहिली. तीन बाहेरचे, एक आतला. आणि तिला वाटलं, आत्ता मान हलवली तर हा पाचवा, तोही मनधरणी करून आणलेला.

"मशीनचं काही चुकलेलं नाही," ती म्हणाली. "इलेक्ट्रोड मी धुतला नाही. सकाळचे तीन आकडे मी लपवले. मला मागच्या खोलीत जायची घाई होती."

"कशाची घाई?"

"खेळायची."

डॉक्टरबाईंना काही उमगलं नाही.

"फोनवर," ताई म्हणाली. "पैसे लावून. दोन वर्षं झाली."

हे मशीन येण्यापूर्वी ताईचे हात कधी रिकामे नसत. एक नळी उकळतेय तर दुसरीत थेंब मोजून टाकायचे, तिसरीचा रंग बघायचा. मशीन आलं आणि ते सगळं गेलं. नमुना आत ढकलला की पहिला आकडा यायला बारा मिनिटं. सुरुवातीची काही वर्षं तिनं शब्दकोडी सोडवली. मग फोनवर रंगीत खड्यांचं एक चक्र सापडलं. अंगठ्यानं फिरवायचं, तीन सारखे खडे आले की जिंकलं. पहिली वीस चक्रं फुकट होती. एकविसावं नव्हतं.

शक्यतेचं गणित तिला येत होतं आणि घात तिथंच झाला. ज्यांना येत नाही त्यांची फसगत होते, आपण डोळे उघडे ठेवून खेळतोय, असं तिला वाटायचं. जिंकलेले दिवस तिला तारखेसकट पाठ होते. हरलेल्या दिवसांना तारखा नव्हत्या. गेलेलं भरून निघालं की थांबायचं, असं ती दर सोमवारी ठरवायची आणि मंगळवारी भरून काढायला बसायची. बारा मिनिटं लॅबमधून बाहेर पडून बसथांब्यावर आली, मग न्हाणीघरात, मग ताटाशेजारी. कुणी मधे बोललं की ती खेकसायची. नंतर स्वतःलाच म्हणायची, हल्ली मला फार काम पडतं.

डॉक्टरबाईंनी पट्टीची घडी घातली.

"तुमची सही दिसली की मी रिपोर्ट वाचत नाही, ताई," त्या म्हणाल्या. "खाली माझी ठोकून मोकळी होते. ते माझंही चुकलंच. आजपासून तुमच्या प्रत्येक रिपोर्टला दुसरी सही लागेल. आणि मी वाचून करणार. वरही खरं तेच कळवावं लागेल."

"हो."

"आता तिसऱ्या मजल्यावर जाऊन या."

"तिथं दारू सोडवतात."

"हेही सोडवतात. लिफ्टमधला बोर्ड वाचला नाहीत वाटतं कधी."

खरंच वाचला नव्हता. लिफ्टमध्ये शिरलं की तिची मान फोनात असायची. आता तिनं वाचला. तिसरा मजला, खोली नऊ, दारू, तंबाखू, जुगार. शेवटचा शब्द वाचून तिला कुणीतरी मागून नावानं हाक मारल्यासारखं झालं. लिफ्टवाल्या काकांनी तिच्याकडे पाहिलं, काही न विचारता तीनचं बटण दाबलं.

नऊ नंबरच्या खोलीतल्या काउन्सेलरना जबरदस्त सर्दी झाली होती. टेबलावर कागदी रुमालांचा डबा येणाऱ्यांच्या डोळ्यांसाठी ठेवलेला होता, पण वापरत होते ते स्वतःच. त्यामुळे ताईला उगाच धीर आला. त्यांनी पेन्सिल घेतली आणि प्रश्न विचारायला लागले. पूर्वीइतक्याच पैशांत मजा येईनाशी झाली का? थांबायचं ठरवून थांबता आलं नाही, असं झालं का? थांबल्यावर चिडचिड होते का? गेलेलं परत मिळवायला पुन्हा खेळलात का? घरच्यांशी खोटं बोललात का? नोकरी धोक्यात आली का?

ताईनं चिठ्ठीवरचे निकाल वाचावेत तशी उत्तरं दिली. हो. हो. हो. हो. हो. आज सकाळी. उरलेल्या तीन प्रश्नांपैकी एकाला हो.

"नऊपैकी सात," ते म्हणाले.

"नॉर्मल किती असतं?"

ते हसले, हसताना शिंकले. "लॅबवाल्या ना तुम्ही? चार किंवा त्याहून जास्त आले, की आम्ही त्याला आजार म्हणतो."

सात ऐकून धक्का बसायला हवा होता. उलट तिच्या खांद्यांवरचं काहीतरी खाली उतरलं. दोन वर्षं ती स्वतःला लोभी म्हणत होती, मूर्ख म्हणत होती, रोज वेगळी शिवी. आज पहिल्यांदा कुणीतरी मोजलं होतं. आणि जे मोजता येतं, त्याचं काहीतरी करता येतं, यावर तिचा पगार चालत होता.

"औषध काय?"

"बोलायचं. दर गुरुवारी चार वाजता इथंच जमतात सगळे. मधे कधी हात शिवशिवला तर हा फोन नंबर, दिवसरात्र कुणीतरी उचलतं. बँकेला सांगून असल्या खेळांकडे जाणारे पैसे अडवता येतात, ते आत्ता माझ्यासमोर करून टाकू. खेळ काढून टाकू. आणि आज घरी सांगायचं."

"कुणाला?"

"ज्याच्याशी सगळ्यात जास्त खोटं बोललात, त्याला."

तो घरीच असायचा. तिचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा, घराच्या पुढच्या खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर. गेलं वर्षभर तो भिंग डाव्या डोळ्याला लावायचा, कारण उजव्यात मोतीबिंदू होता. चाळीस वर्षं उजव्यानं काम केलेला माणूस. डाव्यानं त्याला स्क्रूची खाच सापडायला वेळ लागायचा आणि तो स्वतःशीच पुटपुटायचा.

"अहो, भिंग काढा जरा."

"एवढं एक बसवतो."

"नंतर बसवा."

त्यानं भिंग काढलं. तिनं उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आजोबांचं पोटॅशियम, चार आकडे, मागची खोली, खडे, दोन वर्षं. तो ऐकत होता. हातातला चिमटा त्यानं खाली ठेवला नव्हता.

"खेळतेस ते माहीत होतं," तो म्हणाला.

"कसं?"

"अंगठ्याला घट्टा पडलाय तुझ्या. पैशांचं माहीत नव्हतं."

"मग विचारलं का नाही?"

"कुणी आणून दिल्याशिवाय मी घड्याळ उघडत नाही. म्हटलं, आणशील कधीतरी."

ती इथं थांबू शकली असती. सोपा अर्धा भाग झाला होता.

"आणखी एक आहे," ती म्हणाली. "मोतीबिंदू पिकायची वाट बघावी लागत नाही. तसं काही नसतं हल्ली. डॉक्टर गेल्या वर्षीच ऑपरेशन करू म्हणाले होते. बाजूला ठेवलेले पैसे मी घालवले होते, म्हणून तुम्हाला सांगितलं, पिकू द्या."

आता त्यानं चिमटा ठेवला. अगदी हळू, आवाज न करता.

"गिऱ्हाइकं विचारायची," तो म्हणाला. "डोळ्याचं करून का घेत नाही. मी सांगायचो, अजून पिकला नाही. बायको लॅबमध्ये आहे माझी, तिला कळतं."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं भिंग उचललं आणि उजव्या डोळ्याला लावलं, ज्यानं त्याला धुक्याशिवाय काही दिसत नव्हतं, आणि तसाच बसून राहिला.

पुढचे दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. किल्ली कुठंय. दार लाव. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, "तुमच्याकडे तो चौकटींचा कागद असतो ना? आण एक."

तिनं आणला. कंट्रोलचे बिंदू काढायचा तोच तक्ता, मधे आडवी रेषा. फोनला कुठला खेळ किती मिनिटं चालला ते रोजचं माहीत असतं. खेळ काढण्याआधीच्या तीन आठवड्यांचे आकडे तिनं वाचले, त्यानं बिंदू काढले. मधली रेषा त्यांनी बारा मिनिटांवर धरली. एकवीसच्या एकवीस बिंदू रेषेच्या वर, खूप वर, दोन तर कागदाबाहेर जातील म्हणून समासात.

"तुमच्यात काय नियम असतो?" त्यानं विचारलं.

"सलग सात एकाच बाजूला पडले की मशीन बंद करायचं. कुणाला न विचारता."

"मग तुझं एकविसापर्यंत कसं चाललं?"

"वहीत लिहितच नव्हते."

तो हसला नाही, पण ओठाचा एक कोपरा हलला. दोन दिवसांत तेवढंच.

"रोज सात वाजता फोन माझ्यापुढे ठेवायचा," तो म्हणाला. "आकडा मी वाचणार."

तेव्हापासून रोज सातला तो भिंग डाव्या डोळ्याला लावून फोनवर वाकायचा, एखादं जुनं नाजूक घड्याळ तपासावं तसा. शून्य. कागदावर तळाशी एक बिंदू. पुन्हा शून्य. तिला त्याचा राग यायचा नाही. लॅबमध्ये डॉक्टरबाईही आता प्रत्येक रिपोर्ट ओळ न ओळ वाचायच्या, एकदा तर त्यांनी तिचा दशांशाचा पॉइंट चुकलेला पकडला आणि दोघींनाही बरं वाटलं.

पहिल्या गुरुवारी ती चारच्या आधीच जाऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसली. आठ खुर्च्या होत्या. चौथ्या खुर्चीवर लिफ्टवाले काका येऊन बसले.

"काका, लिफ्ट बंद पडलीय का?" तिनं विचारलं.

"लिफ्ट चांगली आहे. चार वर्षांपूर्वी मी बंद पडलो होतो." मग तिचा चेहरा बघून म्हणाले, "रोज बघायचो तुम्हाला. मान खाली, अंगठा चालू. म्हटलं, ह्या कधीतरी तीन नंबर सांगणार."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही जिन्यानं जायला लागला असता."

ती हसली. त्या खोलीत हसायला परवानगी असते हे तिला त्या दिवशी कळलं. बाकीचे बोलले, ती ऐकत राहिली, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत तिचा एखादा मंगळवार होता.

ऑपरेशनचे पैसे हप्त्यानं भरायची सोय रुग्णालयातल्याच समाजसेवा विभागानं करून दिली. मोठी सिस्टर स्वतः अर्ज घेऊन फिरली. "उशीवाले आजोबा घरी गेले," तिनं जाता जाता सांगितलं. "उशी घेऊन गेले." नवव्या आठवड्यात तारीख मिळाली. तोवर कागदावर तळाशी शून्यांची सरळ रांग लागली होती, एकसष्ट बिंदू.

सकाळी दहाला त्याला आत नेलं. "वीस-पंचवीस मिनिटं लागतील, इथंच बसा," असं सांगून दार बंद झालं. ताई बाकावर बसली. दारावर लाल दिवा होता. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं आणि करण्यासारखं काही नव्हतं. हात मांडीवर रिकामे पडले होते. नेमकी हीच ती जागा होती, वस्तू आत गेली आहे आणि आकडा यायचा आहे. खेळ पुन्हा फोनवर घ्यायला तिला एक मिनिटही लागलं नाही. पैसे बँकेनं अडवले, पण नव्यानं घेतल्यामुळे वीस चक्रं फुकट होती. ती संपल्यावर आणखी दहा मिळाली. अंगठा आपोआप चालत होता. तीन हिरवे खडे आले तेव्हा आनंद झाला नाही. ती उठली आणि लिफ्टचं बटण दाबलं.

"कितवा?" काकांनी विचारलं.

"कुठलाच नाही."

त्यांनी तिच्या हातातला उजळलेला फोन पाहिला. "मग उभ्या राहा."

लिफ्ट वर गेली, खाली आली. माणसं चढली, उतरली. दुसऱ्या फेरीत ताईनं खेळ काढून टाकला. तिसऱ्या फेरीत काकांनी तिच्याच मजल्यावर दार उघडलं. लाल दिवा अजून विझायचा होता.

दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली. घरी आल्यावर तो खोलीच्या मधोमध उभा राहून बघत राहिला.

"भिंत रंगवून घेतलीस?"

"नाही. अशीच होती."

"आणि तुझे केस? इतके पांढरे?"

"तेही असेच होते. तुम्ही भिंगात डोकं घालून होता."

सात वाजता ती कागद आणि फोन घेऊन आली. काल पट्टीमुळे राहून गेलं होतं, म्हणजे आज दोन बिंदू होते. त्यानं भिंगाकडे हात नेला, मग लक्षात येऊन मागे घेतला. फोन हातात घेतला. आता त्याला ते बारीक आकडे लांबूनसुद्धा दिसले असते. त्यानं तो क्षणभर धरला आणि न बघता टेबलावर पालथा ठेवला.

"कालचा सांग," तो म्हणाला.

"तुम्हीच वाचा की. आता दिसतंय तुम्हाला."

"दिसतंय. तू सांग."

बाहेरच्या रस्त्यावर कुणीतरी दुकानाचं शटर ओढलं. दुरुस्तीला आलेली सात-आठ घड्याळं टेबलावर आपापल्या चालीनं टिकटिकत होती.

"सतरा मिनिटं," ताई म्हणाली. "पैसे गेले नाहीत. तुम्ही आत होता तेव्हा."

त्यानं लाल पेन्सिल घेतली. एकसष्ट शून्यांच्या पुढे त्यानं चौकटी मोजत वर जाऊन बाराच्या रेषेच्या थोडा वर एक बिंदू काढला. एकटा, नीट, गोल. मग विचारलं, "आजचा?"

"शून्य."

तोही काढला, तळाशी. मग पेन्सिल तिच्यापुढे धरली आणि लाल बिंदूवर बोट ठेवलं.

"कारण लिही."

तिनं खाली वाकून बारीक अक्षरात लिहिलं: वाट पाहताना हात रिकामे होते.

त्यानं कागद हातभर लांब धरला, भिंगाशिवाय वाचला आणि खिडकीशेजारच्या खिळ्याला परत अडकवला. मग एक उघडं घड्याळ तिच्याकडे सरकवलं, शेजारी चिमटा ठेवला.

"ते चार स्क्रू पुसून दे," तो म्हणाला. "घाई नाही."